खाली सही कुणाची?

(मंडळाच्या बडोदे येथील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी फोन करून विषय दिला तो 'आजकालची कोडी' असा. टीव्ही, मोबाईल, पेपर यांतल्या न समजणाऱ्या गोष्टींबद्दल बोला म्हणाले. आम्ही बँकेतले कारकून. शिक्षण बी. कॉम. आमचं बोलणं म्हणजे "पासबुक द्या", "इथं सही राहिली" आणि "सर्व्हर बंद आहे" एवढंच. त्यामुळे व्याख्यानाची अपेक्षा ठेवू नका. खिडकीच्या आतून जेवढं दिसतं तेवढं सांगतो.

कोडी मात्र पुष्कळ आहेत. आमच्या मातोश्री रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून नवीन एक काढतात. सकाळी आठ वाजता जी बातमी 'ब्रेकिंग' होती ती रात्री आठलाही 'ब्रेकिंग' कशी? 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणतात, तर हे सूत्र कोण, राहतं कुठं? जाहिरातीत मोठ्या आवाजात सांगतात की पैसे वाढतील, आणि शेवटची धोक्याची ओळ एवढ्या घाईनं का वाचतात, गाडी सुटतेय का? चर्चेला आठ माणसं बोलावून एकालाही वाक्य पुरं करू देत नाहीत, मग बोलावतात कशाला? यातल्या काही प्रश्नांना उत्तरं आहेत. वाहिनी चालते जाहिरातींवर आणि जाहिरात मिळते टीआरपीवर. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी आरोप केला की ठरावीक वाहिनी लावून ठेवण्यासाठी काही घरांना पैसे दिले जातात. त्यानंतर आकडे देणाऱ्या 'बार्क' संस्थेनं वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे बंद केले, ते २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे मातोश्रींच्या आठ माणसांच्या कोड्याचं उत्तर जमाखर्चात आहे. भांडण खपतं.

पण ही कोडी करमणुकीची झाली. एका कोड्यानं आमची झोप उडवली. आज खरं म्हणजे तेवढंच सांगायचं आहे.

आमच्या शाखेत एक काका येतात. निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर, तीन पिढ्यांपासून बडोद्यात. नाव सांगणार नाही. ते आज या सभागृहात आहेत की नाहीत तेही सांगणार नाही. ही गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगतो आहोत, त्यांनी अट घातली ती फक्त नावाची. पंधरा वर्षं ते आमच्याच खिडकीशी येतात. पेन्शन काढायची, पासबुक छापून घ्यायचं, एफडीचं व्याज विचारायचं आणि जाताना आमच्या मराठीतली एखादी चूक काढायची, असा त्यांचा शिरस्ता. 'मदत करली' म्हटलं की "हे गुजरातीतलं आणलंस" म्हणून आम्हाला थांबवायचे.

एका मंगळवारी ते साडेअकराला आले. दोन एफडी मोडायच्या म्हणाले, मुदतीआधी. सहा लाख चाळीस हजार रुपये आरटीजीएसनं पाठवायचे. आम्ही विचारलं, "काका, एवढी घाई कशाची?" म्हणाले, "नातवाच्या फ्लॅटचं आहे." आम्ही फॉर्म पाहिला. खातं क्रमांक बरोबर, आयएफएससी बरोबर, सही जुळली. शर्टाच्या खिशात मोबाईल होता, पडदा उजळलेला. तो आम्ही पाहिला आणि पाहून सोडून दिला. त्या दिवशी त्यांनी आमची एकही चूक काढली नाही. तेही लक्षात आलं, पण नंतर. फॉर्म पुढं गेला, साहेबांनी पास केला, पैसे गेले.

गुरुवारी ते पुन्हा आले. या वेळी काकूंच्या बांगड्यांवर कर्ज हवं होतं. पाच मिनिटांनी मागोमाग काकू आल्या, रिक्षा करून, पायात घरातल्या चपला. काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "हे दोन दिवस खोलीचं दार लावून बसलेत. जेवायला येत नाहीत. फोनवर कुणाला तरी 'येस सर, येस सर' म्हणतात. यांना विचार रे जरा." तेव्हा कुठं आम्ही उठलो, काकांना आत नेलं आणि तो खिशातला फोन बाहेर काढला. व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे पोलिसी गणवेशातला माणूस, मागं भिंतीवर चिन्ह, टेबलावर झेंडा. आम्ही "कोण आपण?" एवढं विचारताच कॉल बंद झाला.

पुढचं आपल्यापैकी अनेकांनी पेपरात वाचलेलं आहे. तुमच्या नावानं पार्सल पकडलं, त्यात अमली पदार्थ आहेत, तुमच्या आधारवर खातं उघडून काळा पैसा फिरवला गेला, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केलं आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात सांगितलंत तर त्यांनाही उचलू, पैसे 'तपासणीसाठी' सरकारी खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑक्टोबरात या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात तपास सीबीआयकडे दिला. आणि हे फक्त भाबड्या म्हाताऱ्यांचंच होतं असं समजू नका. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या अध्यक्षांना व्हिडिओवर चक्क खोटं सर्वोच्च न्यायालय भरवून दाखवलं आणि सात कोटी रुपये काढून घेतले. आयुष्यभर धंदा केलेला माणूस. त्यांच्या हाताखाली किती वकील असतील!

काकांच्या पैशांबद्दल विचाराल. आम्ही त्याच मिनिटाला १९३० नंबरवर फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर. तिथं तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या बँकेत अडवता येतात. पण मंगळवारचे पैसे आणि गुरुवारची तक्रार. दोन दिवसांत रक्कम पाच-सहा खात्यांतून फिरून गेली होती. अडकले ते एक्केचाळीस हजार. बांगड्या वाचल्या. त्या पाच-सहा खात्यांतलं एक दुसऱ्या शहरातल्या कॉलेजच्या मुलाचं निघालं. त्यानं खातं, एटीएम कार्ड आणि सिम काही हजारांवर 'भाड्यानं' दिलं होतं. त्याच्या आईवडिलांना पोलीस दारात आल्यावर कळलं. आपल्या घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर आज रात्रीच विचारा, खातं कुणाला वापरायला दिलंय का. आम्ही आमच्या मुलाला विचारलं, तेव्हा तो रागावला. रागावू दे.

आता कोडं. पंधरा वर्षं ज्या माणसाशी रोजचं बोलणं, त्यानं समोरून "कशाला?" विचारलं तर काकांनी त्याला खोटं सांगितलं. आणि ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचं खरं नाव माहीत नाही, त्याला खिशात घेऊन फिरले. असं का झालं? महिन्याभरानंतर आम्ही धीर करून त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, "त्यानं मला माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आधारचे आकडे सांगितले, घराचा पत्ता सांगितला. तू नुसतं 'कशाला' विचारलंस." थोडं थांबून म्हणाले, "आणि तुझ्यासमोर लाज वाटली. मी चोर ठरलो असतो ना."

यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आम्हाला वाटतं, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक गोष्ट आपल्या हातून निसटली आहे. सांगणारा कोण, हे विचारायची सवय.

बँकेत पहिल्या महिन्यात शिकवतात की व्हाउचरशिवाय नोंद नाही. दहा रुपये असोत की दहा कोटी, कागद पाहिजे, कागदावर सही पाहिजे, आणि सही करणारा उद्या बोलावला तर येणारा पाहिजे. पूर्वी खातं उघडायलासुद्धा ओळख देणारा लागत असे. आधीच्या खातेदारानं फॉर्मवर सही करायची की मी या माणसाला ओळखतो. आमच्या आजोबांनी दांडिया बाजारातल्या किती बिऱ्हाडांना अशी ओळख दिली असेल! पुढं खात्यात काही भानगड झाली तर साहेब आजोबांना बोलावून घेत, म्हणून आजोबाही सही करण्याआधी चार प्रश्न विचारत. आता कागदपत्रं आली, ओळखीची सही गेली. सोय झाली हे खरंच. नव्यानं गावात आलेल्या गरिबाला ओळख देणारा कुठून मिळायचा? पण सोयीबरोबर ते चार प्रश्नही गेले.

छापील मजकुराचंही असंच होतं. १८६७ सालचा इंग्रजांचा कायदा होता, छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण हवं, प्रकाशक असेल तर त्याचंही. इंग्रजांनी तो आपल्या भल्यासाठी केला नव्हता, कुणाला पकडायचं ते कळावं म्हणून केला होता. तरी त्यातून वाचकाला एक हक्क मिळाला. खाली पाहिलं की कळे, हे कोण म्हणतंय. हा कायदा जवळजवळ दीडशेहून अधिक वर्षं चालला आणि त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून आला. आपल्या या पत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत नाव-पत्ता असतो, तो कुणी वाचत नाही. आम्हीही परवा पहिल्यांदा वाचला.

निवडणुकीच्या पत्रकांना तर याहून कडक नियम आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पाहिजे. प्रकाशकानं आपण कोण आहोत हे लिहून सही करून मुद्रकाला द्यायचं, आणि त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांनी त्यावर साक्ष घालायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. हे आम्हाला इलेक्शन ड्यूटीच्या वेळी कळलं, नाहीतर बँकेच्या माणसाला कलमं कुठून माहीत असायला.

आता गंमत बघा. निवडणूक जवळ आली की आपल्या ग्रुपवर एक आवाज फिरतो. 'बडोद्यातल्या मराठी समाजानं यंदा ठरवलं आहे...' पुढं कुणाला पाडायचं आणि कुणाला आणायचं ते. कुठल्या सभेत ठरलं? ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं? सही कुणाची? आम्ही मंडळाचे सभासद, वर्गणी वेळेवर भरतो, आम्हाला कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं? तरीही तो आवाज रात्रीत हजार फोनवर जातो आणि दुसऱ्या दिवशी गुजराती शेजारी आपल्याला विचारतात, "तुम्ही लोकांनी असं ठरवलं म्हणे?" आपल्या नावावर कुणीतरी खातं उघडून चालवतंय. काकांच्या आधारवर खातं उघडल्याची थाप होती. हे मात्र खरोखर चाललंय. आणि ते पुढं पाठवणारे आपणच. आम्हीही एकदा पाठवलं आहे. आमच्या मेहुण्यांकडून आलं होतं, मेहुणे शहाणे आहेत म्हणून पाठवलं. मेहुण्यांनी त्यांच्या साहेबांचं नाव बघून पाठवलं होतं. साहेबांना विचारायला कोण जाणार!

अफवा काही आजची नाही, हे मान्य. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. आम्ही तेव्हा शाळेत. सकाळीच दिल्लीहून मावशीचा ट्रंककॉल यावा तसा घाबराघुबरा फोन आला की गणपती दूध पितोय. दुपारपर्यंत सगळा देश देवळापुढं रांगेत. आम्हीही वाटी-चमचा घेऊन गेलो. सोंडेला चमचा लावला, दूध खाली गेलं. बाबांनी मूर्तीखाली बोट फिरवलं आणि ओलं बोट आम्हाला दाखवलं. सरकारी शास्त्रज्ञांनी नंतर पृष्ठताणाचं कारण समजावून सांगितलं, पण बाबांचं ओलं बोट आधीचं. अफवा मोठी होती, पण देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर होतं. जाऊन बघता येत होतं. आणि नुकसान झालं ते दुधाचं.

१ जुलै २०१८ ला तसं झालं नाही. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका. आठवड्याचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे निरोप मोबाईलवर बरेच दिवस फिरत होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्याच उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती, मोटरसायकलवरचा माणूस रस्त्यातून पोर उचलून नेतो ती. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेची, मुलांना सांभाळा हे सांगणारी जनजागृतीची फिल्म. शेवटी मूल परत आणून ठेवतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला होता. शेवट म्हणजेच सही. पाटीवर संस्थेचं म्हणणं होतं, तेवढंच कापलं आणि राहिलं ते खरं वाटू लागलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवता येईल असं केलं. पाच! आपल्या कुटुंबाचे ग्रुप मोजलेत तरी पाचांवर जातील.

कुणी म्हणेल, आपण बडोदेकर शिकलेली माणसं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालयं उभी केली. आमचे आजोबा वाचनालयात उभ्यानं पेपर वाचत आणि घरी येऊन सांगताना आधी पेपरचं नाव घेत. 'अमक्या पेपरात आलंय', मग बातमी. आता आपल्या बोलण्यातलं वाक्यच बदललंय. "मोबाईलवर आलंय." मोबाईल म्हणजे काय पेपर आहे? तो पोस्टमनच्या पिशवीसारखा आहे. पिशवीत आलं म्हणजे कुणाचं आलं?

आमच्या धंद्यापुरत्या दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागला की पैसे जाणार. पोलीस, सीबीआय, रिझर्व्ह बँक व्हिडिओवर पैसे मागत नाहीत. १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी आरटीजीएस-एनईएफटी करण्याआधी समोरच्याचं नाव बघायची सोय द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. तेव्हा फॉर्म भरताना काउंटरवर नाव विचारा, विचारायला लाजू नका. काकांच्या फॉर्मवरचं खातं कुण्या 'सरकारी' खात्याचं नव्हतं, एका कपड्याच्या दुकानाच्या नावाचं निघालं. आणि आपल्या खात्यातून आपल्याला नकळत पैसे गेले तर लगेच बँकेला कळवा, २०१७ च्या नियमांत तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला संरक्षण होतं. मात्र आपणच फॉर्म भरून सही केली तर ते संरक्षण लागू होत नव्हतं. काकांचं तसंच झालं. सही त्यांची होती.

आणि आमचीही होती. फॉर्मच्या कोपऱ्यात, तपासनीसाच्या जागी. चौकशीत आम्हाला कुणी दोष दिला नाही, कागद सगळे बरोबर होते. पण त्या दिवशी "कशाला?" विचारून आम्ही उत्तर लिहून घेतलं आणि माणूस सोडून दिला. आजोबांनी चार प्रश्न विचारले असते. नातू कुठं आहे, फ्लॅट कुठं, बिल्डर कोण, वहिनींना माहीत आहे का. चौथ्या प्रश्नाला काका रडले असते, हे ते स्वतःच आम्हाला म्हणाले.

म्हणून मंडळापुढं एक सूचना ठेवतो. ती मान्य करायची की नाही ते कार्यकारिणी ठरवेल, आम्ही फक्त मांडतो आणि आमच्या नावानं मांडतो. पहिली गोष्ट, 'मराठी समाजानं ठरवलं' असं म्हणणारा कोणताही निरोप मंडळाच्या ठरावाशिवाय आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या नावांशिवाय कुणी सभासद पुढं पाठवणार नाही. राजकारण जरूर करावं, कुठल्याही पक्षाचं करावं, पण नाव घालून करावं. दुसरी, प्रत्येक घरानं दोन माणसं ठरवावीत. मोठी रक्कम कुठंही पाठवण्याआधी, किंवा कुणी फोनवर भीती घातली तर, त्या दोघांपैकी एकाला विचारायचंच. घरातला एक, घराबाहेरचा एक. घरातल्याला सांगायची लाज वाटते, म्हणून बाहेरचा. बाहेरच्यानं हसायचं नाही आणि गावभर सांगायचं नाही, एवढं त्याचं काम.

त्यासाठी एक वही केली आहे. दाराशी टेबलावर ठेवली आहे. आपलं नाव, त्या दोघांची नावं आणि खाली सही. फोन नंबर, आधार, जन्मतारीख काही लिहायचं नाही, तो रकानाच आखलेला नाही. पहिल्या पानावर एका काकांची सही आधीच झालेली आहे, बाहेरचा माणूस म्हणून त्यांनी आमचं नाव घातलंय. चहाच्या आधी लिहा, नंतर गर्दी होते. पेन वहीला दोऱ्यानं बांधलेलं आहे. बँकेची सवय आहे, माफ करा.